मदत हवी आहे: शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातलं रक्त आणि पाणी

प्रवेश परीक्षेच्या उत्तरात 'रक्त म्हणजे अपराधभाव' एवढंच लिहिलं तर प्रतीकाचा अर्थ कुठे पालटतो, तेच निसटतं. अंक २, प्रवेश २ मध्ये, राजा डंकनच्या खुनानंतर, मॅकबेथच्या बायकोला, लेडी मॅकबेथला, हातावरचं रक्त धुवायला थोडंसं पाणी पुरेसं वाटतं. अंक ५, प्रवेश १ मध्ये तीच झोपेत हात चोळत राहते, डाग जात नाही. मॅकबेथचं उलट: खुनानंतर लगेच त्याला अख्खा समुद्र अपुरा वाटतो, पुढे मात्र तो रक्ताला सरावत जातो. ही अदलाबदल फार सुंदर आहे!

ती एकाच परिच्छेदात मांडावी का? प्रतीक आणि पात्र वेगळं केलं की पात्राचा भाग नुसतं कथासार होतो. एकत्र लिहिलं की अवतरणंच जागा खातात. यातलं कोणतं अवतरण गाळाल, आणि का?