काळ्या पंखांचा, पिवळ्या पट्ट्यांचा हा जीव कोणता? (गोरेवाडा)

सागपान: नमस्कार मंडळी. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी भाचीला घेऊन नागपूरच्या गोरेवाड्याकडे गेले होते. सागाखालच्या ओल्या गवतात एका काडीवर दोन जीव शेपटाला शेपूट लावून बसून राहिले होते. काळे पंख, त्यात काचेसारखे आरपार ठिपके, पोटावर पिवळे पट्टे. गांधीलमाशी समजून मी पोरीला मागं ओढलं. ती म्हणे, "मावशी, काळी अन् पिवळी मारबत एकाच अंगात!" (मारबत म्हणजे तान्ह्या पोळ्याला नागपुरात मिरवणुकीनं निघणारे मोठे पुतळे.) अर्धा तास जोडी हलली नाही. शेजारचा तिसरा उडाला तो हातभर उंचीवरून, अगदी सावकाश. कोण असेल हा? अंडी कुठे घालतो?

रानवाट: ताई, बसताना पंख मिटलेले होते की पसरलेले? कंबर बारीक होती का?

सागपान: पसरलेले, विमानासारखे. कंबर बारीक नव्हती. मिशा दोऱ्यासारख्या.

रानवाट: मग हा अमाटा. पतंगच आहे, एरेबिडी कुळातला, भर दिवसा उडणारा. डंख नाही, पण गांधीलमाशीचं रूप घेतलंय, म्हणून पाखरं वाटेला जात नाहीत. ते ठिपके म्हणजे पंखावरच्या खवले नसलेल्या खिडक्या. मागचे पंख फार लहान असतात. यांची जोडी तासन् तास जुळलेली राहते, तुम्ही पाहिलं ते तेच. मादी झुपक्यानं अंडी घालते. अळी केसाळ असते, जमिनीलगतची नाना झाडं खाते. यातल्या अमाटा पॅसालिस या जातीचं नाव कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसनं १७८१ साली ठेवलं. तिची अळी चंदनाचीही पानं खाते. तुम्ही पाहिलेली जात तीच आहे असं मात्र म्हणणार नाही, या गटात सारख्या दिसणाऱ्या जाती बऱ्याच आहेत. पुढच्या वेळी पोटावरचे पट्टे मोजा आणि मिशांची टोकं पांढरी आहेत का ते बघा.

अंगणातली: मागच्या पावसाळ्यात माझ्या अंगणातल्या पाल्यात असा एक सुरवंट सापडला होता. बरणीत ठेवून चवळीची पानं दिली. त्यानं आपलेच केस गुंफून पातळसा कोष केला आणि अकराव्या दिवशी सकाळी पतंग बाहेर आला. पंख आधी चुरगळलेले होते, बघता बघता ताठ झाले. तेव्हापासून मी अंगणातला पाला जाळत नाही. तुम्हीही जाळू नका, कोष त्यातच असतात.

सागपान: खूप आभार. त्या काडीजवळ भाचीनं ओढणीची चिंधी बांधून ठेवलीय. रविवारी आम्ही दोघी तिथेच पानं उलटून अंडी शोधणार आहोत.