सोलापूरच्या माणसाने एक्स-३ घ्यावी, जीएलसी घ्यावी, की सरळ फॉर्च्युनर?

जुळेसोलापूरकर
आमच्या दादाचे (चुलत भाऊ) अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचे लूम (यंत्रमाग) आहेत. आता एकदाचं ठरलंय: जुनी इनोव्हा कारखान्याच्या कामाला ठेवायची आणि घरासाठी एक चांगली गाडी घ्यायची. बजेट ऑनरोड नव्वद लाखांच्या आत. घरात गाड्यांवर सगळ्यात जास्त बडबड मीच करतो, त्यामुळे चौकशीचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

यादीत चार गाड्या आहेत. बीएमडब्ल्यू एक्स-३ची नवी पिढी (जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात आली), मर्सिडीज जीएलसी, व्होल्वो एक्ससी-६० आणि ऑडी क्यू-५. माझं मत आधीच टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल: एक्स-३ डिझेल घ्यावी.

व्होल्वो आणि ऑडी आपल्याकडे डिझेल विकत नाहीत, आणि दादाचं निम्मं रनिंग पुणे नाहीतर हैदराबाद. म्हणून त्या दोन बाद. उरल्या दोन जर्मन. दोन्ही डिझेल १९७ अश्वशक्तीच्या. टॉर्क (ओढायची ताकद) मर्सिडीजचा जास्त, ४४० विरुद्ध ४००, तरी शंभरला पोचायला एक्स-३ किंचित पुढे. कागदावरचं अॅव्हरेज जीएलसीचं १९.४, एक्स-३चं १७.८६. डिकी जीएलसीची ६२० लिटर, हिची ५७०. हे फरक मला किरकोळ वाटतात. जीएलसी भारतात ऑगस्ट २०२३ पासून आहे, रस्त्यावर दिसून दिसून डोळ्यांत बसलीय. एक्स-३ नवी आहे आणि चालवायला जास्त मजेची आहे. बोला.

वरवडे टोलनाका
"चालवायला मजेची" इथेच तुमचं गणित फसलं. चालवणार कोण? दादा चालवणार असतील तर एक्स-३ घ्या, विषय संपला. पण लूमवाले शेठ पुण्याला निघाले की स्टिअरिंगवर ड्रायव्हर असतो आणि शेठ मागे बसून पार्ट्यांना फोन लावत असतात. मागच्या सीटवर बसणाऱ्याला स्टिअरिंग किती धारदार आहे याचं काय कौतुक? त्याला सांधे-खड्डे कमी लागले पाहिजेत. तिथे मला जीएलसी मऊ वाटली, एक्स-३ कडक.

आणि ०.३ सेकंदाने कोण आधी शंभरला पोचतं याचा सावळेश्वर टोलला रांगेत उभं राहिल्यावर काय उपयोग, ते पण सांगा.

जुळेसोलापूरकर
रविवारी दादा स्वतः चालवतो हो. तुळजापूर, अक्कलकोट, कधी पंढरपूर.

वरवडे टोलनाका
म्हणजे आठवड्यातले सहा दिवस मागे बसायचं आणि गाडी निवडायची रविवारसाठी. छान.

चाकं फिरवणारा
मालक लोकांच्या चर्चेत मी ड्रायव्हर माणूस बोललालो, राग मानू नका. सध्या एका शेठच्या जर्मन गाडीवर आहे. कुठली ते राहू दे, पगार तिथूनच येतो.

तुम्ही अश्वशक्ती मोजलालाव. मी असतो तर आधी डिकीचा पत्रा उचलून स्टेपनी बघितली असती. काही गाड्यांत स्टेपनीच नसते, रनफ्लॅट टायर देतात. हवा गेली तरी चालतं म्हणतात आणि चालतंही, पण किती? ताशी ८०च्या आत, साधारण ८० किलोमीटर. सोलापुरातून निघाल्यावर ८० म्हणजे टेंभुर्णीच्या आसपास. तिथं रात्री अकराला १९-२० इंची टायर कुणाच्या दुकानात लोंबकळत असतंय? पंक्चर असलं तर निभतंय, पण साइडवॉल (टायरची बाजू) फाटली की गाडी टोइंगवर जाते आणि शेठ एसटीत. हैदराबादच्या बाजूला गेलात तर उमरग्यापर्यंतसुद्धा खात्री नाही. बारकी का असेना, स्टेपनी पाहिजे. कुठल्या मॉडेलला आहे, कुठल्या नाही ते शोरूमवाल्याच्या तोंडी उत्तरावर सोडू नका, पत्रा उचलूनच बघा.

दुसरी गोष्ट, ऊस. कारखाने सुरू झाले की मोहोळ ते इंदापूर रात्री गाडी चालवायची म्हणजे ट्रॉल्या हुडकत जायचं. एका ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, मागचा लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलात. पलीकडच्या लेनवरून लाइट डोळ्यांत आला की ती ट्रॉली दिसतच नाही. इथं तुमच्या महागड्या गाडीचे पैसे वसूल होतात बघा. नव्या हेडलाइटला समोरच्याच्या डोळ्यांत न जाता बाकी रस्ता पांढराफेक ठेवता येतो. टेस्ट ड्राइव्ह सगळे दुपारी घेतात. एकदा रात्री आठनंतर हायवेवर घ्या.

पण ते आपोआप ब्रेक मारायचं जे असतंय, त्याच्यावर डोळे झाकून बसू नका. कार, ट्रक ओळखतंय नीट. लोंबणारा ऊस कुठं संपतोय हे त्याला उमगत नाही, असा माझा अनुभव. कधी उगाच लवकर ब्रेक बसतो आणि मागचा कंटेनरवाला आपल्या सात पिढ्या काढतो.

नवी पेठ पार्किंग
वरच्या ड्रायव्हरदादांना माझा दंडवत. इतका उपयोगी प्रतिसाद सेल्समनने जन्मात दिला नसता.

माझी भर एवढीच: एक्स-३ आरसे सोडून १.९२ मीटर रुंद आहे. नवी पेठेत, चाटी गल्लीत नेणार असाल तर आरसे मिटूनच फिरावं लागेल. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत तर कुठलीच गाडी नेऊ नका.

जय टोयोटा
मला कळत नाही, फॉर्च्युनरचं नाव कुणीच कसं घेईना. २.८ डिझेल, ऑटोमॅटिकला ५०० टॉर्क, ८० लिटरची टाकी, सात सीट, आणि सर्व्हिस गावातच. जर्मनच्या सर्व्हिसला पुण्याला पाठवा, म्हणजे २५० किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. ड्रायव्हरचा दिवस मोडला, वर चार टोल. फॉर्च्युनर पाच वर्षं वापरून विकायला काढा, घरासमोर गिऱ्हाईक उभं राहतं. जर्मन विकायला काढली की "वॉरंटी संपली का?" हा पहिला प्रश्न आणि किंमत ऐकून रक्तदाब वाढतो. शिवाय आपल्या जिल्ह्यात फॉर्च्युनर गेटवर आली की वॉचमन न विचारता गेट उघडतो.

वरवडे टोलनाका
वॉचमन गेट उघडतो कारण आत कोण पुढारी बसलाय याची त्याला भीती असते. तो मान गाडीचा नाही.

रिसेल आणि सर्व्हिसचं मान्य, त्यात टोयोटाला तोड नाही. पण ट्रकसारखी चॅसीवर (वेगळ्या सांगाड्यावर) बांधलेली गाडी आहे ती, खराब रस्त्यावर मागच्या सीटवर पंधरा मिनिटं बसून बघा. घरात गुडघ्यांची तक्रार असलेलं कुणी असेल तर आधी त्यांना चढवून दाखवा. इनोव्हातून उतरून फॉर्च्युनरमध्ये बसणं म्हणजे पुढे जाण्यापेक्षा वर जाणं आहे.

जय टोयोटा
पायरी लावून मिळते.

हिशेबनीस
गाडी कुठली का असेना, कुणाच्या नावावर घेणार हे आधी ठरवा. त्यात एका फटक्यात चार लाख इकडे-तिकडे होतात आणि यावर कुणी बोलत नाही.

महाराष्ट्रात वीस लाखांच्या वरच्या गाडीला व्यक्तीच्या नावावर रोड टॅक्स पेट्रोलला १३ टक्के, डिझेलला १५. कंपनीच्या नावावर सरसकट २०. एक्स-३ डिझेल आली तेव्हा एक्स-शोरूम ७७.८० लाख होती. त्या किमतीवर १५ टक्के म्हणजे ११.६७ लाख, २० टक्के म्हणजे १५.५६ लाख. जवळजवळ ३.९ लाखांचा फरक. "कंपनीच्या नावावर घेतली की जीएसटी परत मिळतो" असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून दुसरा कुठलाच सल्ला घेऊ नका. स्वतःच्या वापराच्या अशा गाडीवर इनपुट क्रेडिट नाही. घसारा मिळतो, १५ टक्के, पण दादांची प्रोप्रायटरी फर्म असेल तर गाडी त्यांच्या नावावर राहूनही धंद्याच्या वापरापुरता तो हिशेबात धरता येतो. भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर तुमच्या सीएकडे बसा, इथे बसू नका.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा जीएसटी (आधी सेस धरून) ५० टक्क्यांवरून ४० झाला. लोक म्हणतात दहा टक्क्यांनी स्वस्त. नाही. आधी शंभराचे दीडशे व्हायचे, आता एकशे चाळीस होतात. म्हणजे जुन्या किमतीतून पावणेसात टक्क्यांच्या आसपास उतरायला हवेत. कोटेशन हातात आलं की जुन्या किमतीशी ताडून बघा. "डिस्काउंट" म्हणून हाच फरक तुमच्यासमोर नाचवणारे आहेत.

जुळेसोलापूरकर
हे माहीत नव्हतं. फर्म दादाच्या एकट्याच्या नावावर आहे. डिस्काउंटचा कागद आजच परत काढतो.

होटगी रोड
व्होल्वोला दोन ओळींत उडवलंत, म्हणून मी आलो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ला जातो. त्या उन्हात उभी केलेली गाडी उघडून लेदरवर बसला आहात का? एक्ससी-६० मध्ये पुढच्या सीटला आतून हवा खेळते, मसाजही आहे. शिवाय एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी. "मागे मऊ लागलं पाहिजे" असं वरवडेसाहेब म्हणतात ना, मग त्या निकषावर व्होल्वो पहिली. ध्वनियंत्रणा अशी की हैदराबाद येईपर्यंत कुणी "अजून किती लांब" विचारत नाही. आणि गाडी ताशी १८०च्या वर जातच नाही, कंपनीनेच बांधून ठेवलीय. घरात वयात आलेली पोरं असतील तर हा गुण धरा.

राहिलं पेट्रोल. फरक पडेल, नाकारत नाही. पण दादांची गाडी गावात किती आणि हायवेला किती, ते नीट मोजा. घर ते कारखाना एवढंच जास्त असेल तर डिझेल उलट डोकेदुखी.

हायवे पासष्ट
एअर सस्पेन्शन वॉरंटीत आहे तोवर स्वर्ग. संपली की एकेका कोपऱ्याची किंमत विचारून या आणि मग बोलू.

बाकी पेट्रोल म्हटलं की आता ई-२० आलं. वीस टक्के इथेनॉल. तशा इंजिनाला चालतं, पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी, म्हणून अॅव्हरेज थोडं पडतंच. आपण सोलापूरकरांनी तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची, ऊस आपलाच!

चाकं फिरवणारा
होटगी रोडवाले साहेब डिझेलचं बरोबर बोलले, ते जरा फोडून सांगतो. नव्या डिझेलला सायलेन्सरच्या लायनीत काजळीचा फिल्टर असतोय. तो गरम झाला की आतली काजळी जळून साफ होते. शेठ लग्नात, मी बाहेर, एसी लावून तासभर इंजिन जागेवर. घर ते कारखाना, कारखाना ते घर. असं महिनाभर केलं की फिल्टर भरतो आणि डॅशबोर्डवर दिवा येतो. मग मोहोळपर्यंत गाडी एका वेगात नेऊन आणायची. दिवा तसाच ठेवला तर वर्कशॉप. अॅडब्ल्यूपण (डिझेलचा धूर साफ करायचं पातळ द्रव) वेळच्या वेळी भरायचं. ते संपवलं तर एकदा बंद केलेली गाडी परत स्टार्ट होत नाही.

तुमच्या दादाचं पुणे-हैदराबाद चालू असेल तर डिझेलच बरं. पेट्रोल घेऊन ड्रायव्हरला "एसी बंद करून बस" म्हणू नका एवढंच. काचेचं छत असलेल्या गाडीत उन्हात बसून बघा एकदा.

प्लगवाला
९० लाख डिझेलवर कशाला? बीएमडब्ल्यूचीच लांब व्हीलबेसची आयएक्स-१ इलेक्ट्रिक जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखांना आली. मागे पाय पसरून बसता येतं, जीएसटी फक्त ५ टक्के. महिंद्राची एक्सईव्ही ९ई त्याहून स्वस्त. कारखान्याच्या छतावर सोलर असेल तर रोजचा खर्च जवळपास शून्य.

वरवडे टोलनाका
गावातल्या वापराला पटलं. पण आयएक्स-१ एका चार्जमध्ये ५३१ किलोमीटर जाते हा आकडा कागदावरचा. मे महिन्यात, एसी लावून, शंभरच्या वेगाने पुण्याला जाऊन त्याच दिवशी परत यायचं तर वाटेत चार्जिंगला थांबणं आलंच. शेठ थांबतील?

प्लगवाला
भिगवणला मासे खायला थांबतातच की सगळे.

बुधवार पेठ
मी वेगळंच विचारतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ५० टक्के आयातशुल्क लावलं तेव्हा ज्यांचा टॉवेल तिकडे जातो त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. असला झटका कधीही परत बसू शकतो. अशा धंद्यात ९० लाख चार चाकांत अडकवण्याआधी दादांनी रॅपिअर लूमचं (धोट्याशिवाय चालणाऱ्या मागाचं) कोटेशन शेजारी ठेवून बघावं. लूम कमावून देतो. एक्स-३ शोरूमच्या दारातून बाहेर पडल्यापासून घसरायला लागते, जीएलसीपण.

जुळेसोलापूरकर
दादाचा माल आखातात आणि इथल्या हॉटेलांना जातो, लूमचं नियोजन वेगळं चालू आहे. गाडी वहिनींच्या हट्टाने येतेय, त्यामुळे त्या बाजूने काही होणार नाही.

सध्याची स्थिती: ऑडी आणि इलेक्ट्रिक यादीतून बाहेर. व्होल्वो पुन्हा आत, पण फक्त वहिनी आणि आईला बसवून बघण्यापुरती. पुण्यातल्या तिन्ही शोरूमना कळवलंय की गाडी रात्री पाहिजे, मागे तीन माणसं बसणार आणि डिकी आम्ही उघडणार. एका ठिकाणी "सर, रात्री टेस्ट ड्राइव्ह देत नाही" म्हणाले. एक्स-३ला माझं मत अजून आहे, पण मागच्या सीटवर दादा गप्प बसला तर मी भांडणार नाही.

जय टोयोटा
तिथं जाताना कशातून जाणार? इनोव्हातूनच ना?

वरवडे टोलनाका
रात्री देत नाही म्हणणाऱ्याला सांगा, "ठीक आहे, बुकिंगचा चेकपण दिवसाउजेडी दुसऱ्या शोरूमला देतो." तासाभरात फोन येईल. आणि जीएलसीत बसल्यावर दादांना पुढची सीट त्यांच्या ड्रायव्हरच्या उंचीला मागे घेऊन मगच मागे बसवा. सेल्समन ती नेहमी पुढे सरकवून ठेवतो.