अकरावी विज्ञान: गणित, जीवशास्त्र की दोन्ही? कोल्हापूरकरांचे अनुभव

अकरावी विज्ञानाचा अर्ज भरण्यापूर्वी घरोघरी एकच खल चालतो: गणित ठेवावे, जीवशास्त्र ठेवावे की दोन्ही? आपल्या घरी हा निर्णय कशाच्या आधारे झाला आणि पदवीच्या प्रवेशाच्या वेळी त्याचे काय झाले, एवढेच कृपया लिहावे. क्लासची शिफारस नको.

पालक, राजारामपुरी
माझ्या मुलीने दोन्ही विषय ठेवले. नातेवाइकांनी ‘दोन दगडांवर पाय’ म्हणून नाके मुरडली, पण तिचे खरोखरच ठरत नव्हते. ओझे मात्र मोठे असते. बारावीच्या जानेवारीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांच्या जर्नलांवर सह्या घेण्याची धांदल होती, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर एका बाजूला पेन्सिलीने काढलेला हृदयाचा छेद, तर दुसऱ्या बाजूला अर्धवट सोडलेले इंटिग्रेशनचे उदाहरण पडलेले असे. राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेचे गणित आणि जीवशास्त्र असे दोन गट असतात; गणित गटात गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे असतात; म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे, त्यामुळे ते डळमळीत असेल तर निकाल तेथेच घसरतो. तिने दोन्ही गटांची परीक्षा दिली आणि जीवशास्त्र गटातून बी. फार्मसीला प्रवेश घेतला. त्या पदवीला कोणताही एक गट चालतो, तेव्हा दोन्ही विषय घेतले म्हणून प्रवेश मिळाला, असे मी म्हणणार नाही. तिला विचाराला दोन वर्षे मिळाली, एवढाच हिशेब.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, इचलकरंजी
मी जीवशास्त्र आणि दुसरी भाषा यांच्या जागी संगणकशास्त्र हा २०० गुणांचा द्विलक्षी (व्यवसायाभिमुख) विषय घेतला. त्यात गुण चांगले पडतात, हे खरे. परंतु राज्यातील अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी प्रवेश परीक्षेवर लागते, बारावीच्या एकूण टक्क्यांवर नाही. बारावीची टक्केवारी जेईई या देशपातळीवरील अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेच्या वाटेवर आडवी येते: एनआयटी या केंद्रीय अभियांत्रिकी संस्थांसाठी खुल्या प्रवर्गाला ७५ टक्के किंवा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते.

वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी, कसबा बावडा
वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असल्यामुळे मी गणित सोडले. तथापि, गणितापासून सुटका हवी म्हणून जीवशास्त्र घेणाऱ्यांना माझे स्पष्ट सांगणे आहे की सुटका होत नाही. राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात दुसरेच प्रकरण व्हेक्टर आणि कॅल्क्युलसच्या तोंडओळखीचे आहे, आणि नीटमधील भौतिकशास्त्राचे १८० गुण त्याच पायावर उभे असतात. आमच्या वर्गातील मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना तर हे सारे एकदम इंग्रजीतून समोर आले. पहिल्या घटक चाचणीपर्यंत त्या प्रश्न समजून घेण्यातच दमून जात.

निवृत्त गणित शिक्षक, शिरोळ तालुका
आमच्याकडे सैन्यात जाण्याची परंपरा असल्याने एक गोष्ट नमूद करतो. एनडीए या सैन्याधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीच्या भूदल शाखेसाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. हवाई दल आणि नौदलासाठी मात्र भौतिक, रसायन आणि गणित हे तिन्ही विषय हवेत. वास्तुशास्त्राच्या पदवीलाही गणित लागते. उलट, जीवशास्त्र बारावीनंतर जादा विषय म्हणून देऊन नीटला बसण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये दिली आहे. म्हणून ज्या मुलाचे काहीच ठरलेले नाही आणि ज्याला दोन्हींचा भार झेपणार नाही, त्याला मी गणित ठेवण्यास सांगतो. बारावीनंतर गणित हा जादा विषय म्हणून कोणाच्या पाल्याने दिला असल्यास त्यांनी येथे अवश्य लिहावे. माझे दोन विद्यार्थी यंदा त्याच विचारात आहेत.