एनआयसीयूतून बाळ घरी आलं, रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी माझी भीती का जात नाहीये?

पिल्लूची_आई_नाशिक

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझं सिझर ३२व्या आठवड्यात झालं, बीपी एकदम वाढलं आणि डॉक्टर म्हणाले आता थांबता येणार नाही. बाळ १३८० ग्रॅमचं. मी होते तिथे एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, नव्हता म्हणून त्याला लगेच ॲम्ब्युलन्सने दुसरीकडे हलवलं आणि मी इकडे टाक्यांनी पडलेली. बाळाला पहिल्यांदा बघितलं ते नवऱ्याच्या मोबाईलवर, नाकाला सीपॅपच्या, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या मशीनच्या नळ्या, डोळ्यांवर टोपी ओढलेली, चेहरा धड दिसतच नव्हता. मग महिनाभर तेच, कोपरापर्यंत हात धुवा, गाऊन घाला, पेटीत हात घालून पायाला जरा बोट लावा की बाहेर या, आणि उरलेला वेळ पंपाने दूध काढून बर्फाच्या डब्यातून पाठवत राहा.

घरी येऊन आता दोन महिने झाले. वजन साडेतीन किलोच्या आसपास, डोळ्यांची तपासणी झाली, कानांची झाली, सगळं नॉर्मल. पण मी ठीक नाहीये. वॉशिंग मशीन संपल्यावर बीप वाजतो ना तेवढ्यानेसुद्धा छातीत धस्स होतं. रात्री त्याच्या नाकाखाली बोट धरून बसते श्वास चालू आहे का बघत, तो शांत झोपलेला असतो आणि मीच जागी. पायाला लावायचं ऑक्सिमीटर, रक्तातला ऑक्सिजन मोजणारं, ऑनलाईन मागवलंय, ते मधेच ८५ दाखवतं की माझे हातपाय गार पडतात. आणि एक गोष्ट घरात कुणालाच बोलले नाहीये, कधीकधी वाटतं हे बाळ तिथल्या सिस्टरांचंच आहे, मी नुसती सांभाळतेय.

सासूबाई मायेच्या आहेत, पण म्हणतात देवाच्या दयेने घरी आलंय ना, मग आता रडतेस कशाला, दूध आटेल. शेजारच्या काकू येऊन सांगून गेल्या की सातव्यातलं जगतं, आठव्यातल्याला फार जपावं लागतं. नवरा त्या दिवसांचा विषय काढला की उठून जातो. बारसं राहिलंय म्हणून सगळे मागे लागलेत आणि मला बारसं म्हटलं की बाराव्या दिवशी आम्ही त्या वेटिंगच्या बाकड्यावर कसे बसलो होतो तेच दिसतं.

कुणाला असं झालंय का? किती दिवस राहतं हे?

---

जुळ्यांची_आई

अगं, तुझं वाचून हातातलं काम ठेवून लिहायला बसले. माझ्या मुली ३० आठवड्यांच्या, आता दुसरीत आहेत. तुला जे होतंय ते मला सगळं झालंय, बाळ परकं वाटणंसुद्धा, त्यामुळे ते मनात ठेवून स्वतःला वाईट आई समजू नकोस हे आधी सांगते.

बाळ आत असतं तेव्हा आपण फक्त पळत असतो, आज किती ग्रॅम वाढलं, दूध पचलं का, ऑक्सिजन किती कमी केला, रडायलासुद्धा सवड नसते. घरी आल्यावर जीव जरा भांड्यात पडतो आणि मग ते सगळं वर येतं. लोकांना वाटतं डिस्चार्ज मिळाला म्हणजे संपलं, पण आईचं तिथून सुरू होतं.

मला ज्याने फरक पडला ते सांगते. आम्ही फॉलोअपला गेलो तेव्हा डिस्चार्ज कार्ड घेऊन डॉक्टरांना म्हटलं, मला हे ओळ न् ओळ समजावून सांगा. त्यांनी अर्धा तास दिला. ॲप्नियाचे एपिसोड म्हणजे काय (बाळाचा श्वास मधेच थांबतो ते), कॅफिन कशाला दिलं, धाकटीला रक्त कशासाठी चढवलं. माझ्या डोक्यात नुसते तुकडे होते, अलार्म वाजतोय आणि सिस्टर पळतायत, एवढंच. क्रमाने कळलं तेव्हा रात्री ते तुकडे येणं पुष्कळ कमी झालं. तूही माग, तो तुझा हक्क आहे.

दुसरं म्हणजे बाळंतपण राहून गेल्याचं दुःख, हे कुणी बोलतच नाही. ना शेक, ना मालिश, ना कुणी आयता ताट हातात दिलं, टाके ओले असताना रिक्षाने दूध पोचवत होतो आपण. माझी मावशी तिसऱ्या महिन्यात येऊन राहिली, म्हणाली तुझं बाळंतपण आता करू, उशिरा तर उशिरा. डिंकाचे लाडू केले, रोज अळिवाची खीर, बाई लावून अंगाला तेल. पहिल्या दिवशी त्या बाईने पाठीला हात लावला आणि मी जी रडायला लागले ती थांबेचना, मावशीने तिला खूण केली की चालू दे. हॉस्पिटलात मी एकदाही रडले नव्हते. तुझ्या आईला किंवा सासूबाईंना सांगून बघ, त्यांना बोलून समजवायला जमत नसेल पण करायला नक्की आवडेल.

बारशाचं म्हणशील तर आम्ही पहिल्या वाढदिवसाला केलं. कुणाचं काही अडलं नाही.

---

सातारचा_बाबा

वहिनी, तुमच्या मिस्टरांच्या बाजूने लिहितो, म्हणजे त्यांची वकिली नाही करत पण आमच्याकडे काय होतं ते सांगतो.

बायको एका हॉस्पिटलात, मुलगी दुसऱ्या, मधे मी आणि बाईक. फॉर्मवर सह्या मी करत होतो, त्यात काय काय होऊ शकतं ते सगळं लिहिलेलं असतं, ते मी एकट्याने वाचलेलं. डॉक्टर मला म्हणाले पुढचे ७२ तास महत्त्वाचे, आणि मी बायकोला येऊन सांगितलं एकदम छान आहे. सोनं ठेवून पैसे उभे केले तेही तिला पुष्कळ उशिरा कळलं. हे सगळं आत दाबून ठेवलं की माणूस त्या विषयापासून पळतो, त्यात प्रेम नाही असं नसतं. मला अजून रात्री लँडलाईनवरून फोन आला की घाम फुटतो.

समोरासमोर बसून बोल म्हटलं तर आम्हाला जमत नाही. आमचं बोलणं गाडीत झालं, वाईहून परत येताना, मुलगी मागे झोपलेली आणि मी रस्त्याकडे बघत एकेक सांगत गेलो. बायको काहीच बोलली नाही, नुसतं ऐकत होती, मग म्हणाली मला तेव्हाच का नाही सांगितलंस. त्यानंतर घरातलं वातावरण खरंच हलकं झालं. तुम्ही त्यांना "तुला काय वाटलं" असं विचारू नका, "त्या रात्री डॉक्टर नक्की काय म्हणाले होते" असं विचारा. सांगतील बघा.

---

एनआयसीयू_सिस्टर

मी गेली बरीच वर्षं एनआयसीयूत ड्युटी करते. ताई, ते बाळ सिस्टरांचं नाही, तुमचंच आहे. तुमचं दूध आलं नसतं तर आम्ही नुसत्या मशीनवर एवढं वजन वाढवू शकलो नसतो.

आता कामाचं. त्या काकूंचं मनावर घेऊ नका. पोटात एकेक आठवडा जास्त मिळाला की फुप्फुसं तेवढी जास्त तयार होतात, त्यामुळे आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा सुरक्षितच असतं, उलटं कधीच नसतं.

श्वासाचं: लवकर जन्मलेली बाळं झोपेत पाचदहा सेकंद थांबून मग भराभर श्वास घेतात, ते चालतं. २० सेकंद किंवा जास्त थांबला, ओठ निळे पडले, अंग ढिलं पडलं, तर मात्र लगेच हॉस्पिटल. मोबाईलमध्ये किंवा भिंतीवर लिहून ठेवा, म्हणजे रात्री नेमकं काय बघायचं ते कळेल. आणि ते ऑक्सिमीटर डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर त्यांना एकदा विचारून ठेवून द्या. बाळाने पाय हलवला की ते खोटे आकडे दाखवतं, आम्ही वॉर्डातसुद्धा आकडा पडला की आधी बाळाचा रंग बघतो, मग मशीन.

बाळ परकं वाटतंय त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कांगारू केअर. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटामध्ये पेट्या कमी पडायच्या म्हणून हे सुरू झालं आणि आता २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते की कमी वजनाच्या बाळाला जन्मल्या जन्मल्याच आईच्या छातीशी द्या. तुम्हाला तेव्हा मिळालं नाही. आता वजन वाढलंय म्हणून त्याची गरज संपली असं समजू नका, दुपारी दार लावून घ्या, बाळाला फक्त लंगोट, तुमच्या उघड्या छातीवर, वरून शाल, तासभर. तुम्ही जाग्या असताना करा, डोळा लागायला लागला की बाजूला ठेवा. बाळाच्या बाबांनाही द्या, पुरुषांच्या छातीवरही तेवढंच छान होतं. आमच्याकडे एक आजोबा करायचे, शर्टाची बटणं काढून खुर्चीत बसायचे, आई तापाने आजारी होती म्हणून.

आणि झोप येत नाही, रडू येतं, दोन आठवड्यांच्या वर चाललंय, तर डॉक्टरांना नुसतं "थकवा आहे" सांगू नका. एडिनबरो म्हणून दहा प्रश्नांची तपासणी असते, ती करा म्हणा. बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनवर अंगावर पाजतानाही चालतील अशी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनीच ठरवायची. टेलीमानस १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार आला, किंवा भलतंसलतं ऐकू यायला लागलं, तर फोनवरही थांबू नका, घरच्यांना उठवा आणि त्याच रात्री हॉस्पिटलला जा.

---

मीनल_लेस्टर

मी इंग्लंडमध्ये आहे. इथे सहा ते आठ आठवड्यांच्या तपासणीला डॉक्टर बाळासोबत आईलाही विचारतात मन कसं आहे, आणि ब्लिस नावाची संस्था फक्त अशा बाळांच्या आईवडिलांसाठी काम करते. मला तिथे बोलायला मिळालं पण खरं सांगू, इंग्लिशमध्ये रडता येईना. आईला व्हिडिओ कॉल लावून मराठीत सगळं सांगितलं तेव्हा मोकळं वाटलं. आईने एकही सल्ला दिला नाही, नुसतं "हो गं बाई, हो" करत राहिली.

अजून एक, इतर बाळांशी तुलना करायची झालीच तर करेक्टेड वयाने कर, म्हणजे बाळ पूर्ण दिवसांचं होऊन जन्मलं असतं त्या तारखेपासून मोजलेलं वय. ३२ आठवड्यांचं म्हणजे दोन महिने वजा. तीन महिन्यांचा झाला तरी मान का धरत नाही म्हणून मी उगाच झुरत होते.

---

पिल्लूची_आई_नाशिक

सगळ्यांना काय लिहू कळत नाहीये. सिस्टरताई, तुमचं दुधाचं वाक्य मी सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या आत गेल्या आणि जरा वेळाने डिंक कुठे ठेवलाय विचारत आल्या.

यांना काल सातारच्या दादांचा प्रश्न विचारला. पहिल्यांदा नेहमीसारखे उठून गेले. मग रात्री बाळ झोपल्यावर स्वतःहून सांगितलं, सीपॅप निघत नव्हतं तेव्हा व्हेंटिलेटरची सही घेऊन ठेवली होती, मला माहीतच नव्हतं हे. खूप वेळ बोललो. डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतलीय, ते पण येणार आहेत, कार्ड घेऊन जातोय आणि त्या दहा प्रश्नांचंही विचारणार आहे. बारसं तूर्त नाही असं त्यांनीच सगळ्यांना कळवलं.

सिस्टरताई, एकच विचारायचं होतं, लसी पण करेक्टेड वयाने द्यायच्या का?

---

एनआयसीयू_सिस्टर

नाही हो, लसी जन्मतारखेप्रमाणेच. करेक्टेड वय वाढ आणि विकास बघायला, साधारण दोन वर्षांचा होईपर्यंत. शुक्रवारी लसीचं कार्डही सोबत न्या, काही राहिली असेल तर तिथेच कळेल.