पीपीओ (इंटर्नशिपनंतर मिळणारी नोकरीची ऑफर) हुकला. मोठ्या फर्मचं दार आता बंदच समजायचं का?

चर्चगेट_स्लो:
पाच वर्षांच्या एलएलबीचं शेवटचं वर्ष, मुंबईतलंच कॉलेज. मे महिन्यात लोअर परळच्या एका मोठ्या फर्ममध्ये इंटर्नशिप केली. रात्री शेवटच्या लोकलने घरी. पीपीओ मिळाला बाजूच्या टेबलावरच्या एनएलयूवाल्या (नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीच्या) मुलीला. मला दोन ओळींचा मेल. बाबा रोज जेवताना विचारतात, "झालं का पक्कं?" नंतर कुणी आत शिरलंय का हो?

सातबारा_ताई:
मी शिरले. साडेतीन वर्षं उशिरा.

सनद मिळाल्यावर फोर्टमध्ये एका सॉलिसिटरकडे लागले. तीन वकील, एक टायपिस्ट आणि पावसाळ्यात गळणारं छत. पैसे किती ते विचारू नकोस. काम एकच, टायटल सर्च, म्हणजे जमिनीची मालकी तपासायची. तीस वर्षांचे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्तांचे उतारे) काढायचे, सातबारा, फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी), सगळं हाताने लावायचं. मैत्रिणी एम अँड ए (कंपन्यांची विलीनीकरणं, खरेदी) करत होत्या, मी भिवंडीला तलाठ्याची वाट बघत बसायचे.

तिथल्याच एका जमिनीच्या वारस फेरफारात तीन भावांची नावं होती. खाली किरट्या अक्षरात "बहिणीने हक्क सोडला" एवढंच. हक्कसोडपत्राची नोंदणी कुठेच सापडेना. म्हणजे बहिणीचा हिस्सा शाबूत! सौदा तिथेच अडला. समोर मोठी फर्म होती. आठ महिन्यांनी तिथल्याच सिनियरचा फोन आला, "आमच्या रिअल इस्टेट टीममधली एक मुलगी सोडून चाललीये, येतेस का?"

इंटरव्ह्यूला कंपनी कायदा वगैरे काही नाही. एक पुसट झेरॉक्स पुढे सरकवली, "वाचा." फेरफारच होता. टीममध्ये तो धड कुणालाच वाचता येत नव्हता.

कॅम्पसला किती घ्यायचे ते आधी ठरतं. नंतरच्या जागा माणूस सोडून गेला की निघतात, त्याही टीमपुरत्या. पार्टनरला माणूस कालच हवा असतो. तेव्हा कॉलेजचं नाव बघतात, नाही असं नाही, पण आधी विचारतात, काम येतं का?

हजेरीपट:
ताईंचं बरोबर, पण गुलाबी चित्र नको. माझी कोर्टातली तीन वर्षं फर्मने दीडच धरली, पगार त्याच हिशोबाने. मी दिवाळखोरीच्या कामातून आलो. २०१६ च्या कायद्यानंतर एनसीएलटीत (कंपन्यांच्या दिवाळखोरीचे खटले चालतात ते न्यायाधिकरण) उभं राहणारी माणसं सगळ्यांनाच हवी होती. तिथे, कफ परेडला, रोज जायचो, समोरच्या बाजूचे वकील तोंडओळखीचे झाले. माझा सीव्ही तिथल्या कँटीनमधूनच पुढे गेला. आणि हो, बार कौन्सिलची परीक्षा लांबवू नकोस.

फोर्टचा_म्हातारा:
सॉलिसिटरची परीक्षाही आहे मुंबईत, बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची. तीन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी. पेपर अवघड, नापास होणारे ढीगभर. पण कन्व्हेयन्सिंग (मालमत्तेचे दस्त करणं) पक्कं होतं. हल्लीच्या पोरांना धीर नाही, ते सोडा.

चर्चगेट_स्लो:
ताई, फेरफार वाचायचा सराव कुठे करू? मला छापील सातबाराच जेमतेम कळतो.

सातबारा_ताई:
गावाला जमीन आहे का? तिचेच जुने फेरफार काढ.

चर्चगेट_स्लो:
आहे, संगमेश्वरला. पण आत्यांचा आणि काकांचा वाद चालू आहे.

सातबारा_ताई:
मग तर उत्तमच. आत्यांची नावं लागलीयेत का, ते आधी बघ. आणि काकांना इतक्यात काही बोलू नकोस.