फेरीला दोन-चार बॉल हरवतात : खिशाला परवडणारा गोल्फ बॉल कोणता घ्यावा?

अलकापुरीकर
नमस्कार मंडळी. बडोद्यात लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या कोर्सवर रविवारी सकाळी खेळतो. हँडिकॅप २४ (म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तेवढे जास्त लागतात), ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) हमखास स्लाइस होतो, म्हणजे बॉल बाजूला वळत जातो, फेरीला दोन-चार बॉल झाडीत जातात. आता हाताला लागेल तो बॉल न वापरता डझनाने घ्यायचे आहेत. टू-पीस (गाभा आणि आवरण) की थ्री-पीस (मध्ये आणखी एक थर)? कॉम्प्रेशन (बॉल किती कडक त्याचा आकडा, कमी म्हणजे मऊ) किती बघायचं? आणि जुने, सापडलेले बॉल घ्यावेत का?

दांडियाबाजार
पीस मोजण्याआधी वरचं आवरण कशाचं आहे ते बघा. किंमत आणि ग्रीनजवळचं (भोकाभोवतीच्या बारीक गवताजवळचं) वागणं तिथेच ठरतं. स्वस्त बॉलवर आयोनोमर असतं (सर्लिन म्हणतात ते), महागावर युरेथेन. युरेथेन मऊ असतं, वेजच्या (जवळून उंच मारायच्या क्लबच्या) खाचा त्याला पकडतात, बॉलला भरपूर स्पिन मिळतो आणि तो ग्रीनवर लवकर थांबतो. आयोनोमर कडक, वेजवरून थोडा निसटतो आणि पडल्यावर पळतो. ड्रायव्हरच्या लांबीत मात्र फरक अगदी थोडा. आणखी एक : काही थ्री-पीस बॉलचं आवरणही आयोनोमरचंच असतं. डबा उलटा करून वाचल्याशिवाय जादा पैसे मोजू नका.

तुमच्यासाठी टू-पीस आयोनोमर. एक तर झाडीत गेला तरी जीव हळहळत नाही, दुसरं म्हणजे त्याला ड्रायव्हरवर स्पिन कमी मिळतो, त्यामुळे स्लाइसचा बाक थोडा कमी दिसतो. स्लाइस जाणार नाही, तो क्लबफेस (क्लबचा बॉलला लागणारा भाग) उघडा राहिल्याने येतो. टायटलिस्ट ट्रूफील, श्रीक्सन सॉफ्ट फील, कॅलवे सुपरसॉफ्ट, विल्सन ड्युओ सॉफ्ट, डिकॅथलॉनचे टू-पीस इनेसिस – यांतला डझनामागे जो स्वस्त मिळेल तो. हिशेब सोपा : डझनाची किंमत भागिले १२, गुणिले फेरीला हरवणारे बॉल.

कॉम्प्रेशनचा बाऊ करू नका. सुपरसॉफ्ट साधारण ४०, ट्रूफील ६०, टायटलिस्टचा महागडा प्रो व्ही१ ९० च्या आसपास. पण मोजायची पद्धत सगळ्यांची एक नसल्याने दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फार काही कळत नाही. ‘हळू स्विंगला मऊ बॉल लांब जातो’ ही समजूत खरी नाही. मऊ बॉल क्लबवरून किंचित हळूच सुटतो, फक्त हळू स्विंगला तो तोटा जाणवत नाही. तेव्हा पटरवर (ग्रीनवर बॉल घरंगळत नेण्याचा क्लब) कोणाचा आवाज आणि स्पर्श आवडतो, त्यावर ठरवा.

डझन घेण्याआधी दोन-तीन मॉडेलचे तीन-तीन बॉल घ्या. ग्रीनच्या कडेपासून वीस पावलांवरून एकाच वेजने चिप (छोटा, बुटका फटका) करा आणि पडल्यानंतर किती पावलं पळाला ते मोजा. ज्याचं पळणं दर वेळी सारखं, तो तुमचा. मग मॉडेल बदलू नका.

मांजलपूरवाले
जुन्या बॉलबद्दल. नुसते धुऊन प्रतवारी केलेले चालतात. पेनाची खूण, थोडा पिवळेपणा, पुसलेला लोगो, काही बिघडत नाही. पण आवरणाला चीर असेल किंवा नखाला लागेल असा खरवडा असेल तर सरावाला ठेवा, हवेत भरकटतो. ‘रिफर्बिश्ड’ म्हणजे रंग काढून पुन्हा चढवलेले; त्या थरामुळे डिंपलची (बॉलवरच्या खळग्यांची) खोली बदलते आणि आतला बॉल किती जुना आहे ते दिसत नाही. तळ्यातून काढलेलेही टाळा. पाण्यात फार दिवस राहिला तर पाणी आत मुरतं आणि लांबी घटते.

महागड्या नावाचा बॉल ऑनलाइन फारच स्वस्त दिसला तर तो नकली असू शकतो. नियमाप्रमाणे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको. सराफाचा काटा आणि व्हर्नियर मिळाला तर दोन मिनिटांचं काम. वजन-व्यास बरोबर आले म्हणजे अस्सलच असं नाही, पण चुकले तर नक्की परत करा.

‘एक्स-आउट’ छापाचे (कंपनीने किरकोळ दोषामुळे बाजूला काढून स्वस्तात विकलेले) बॉल मित्रांबरोबर खुशाल खेळा. स्पर्धेत मान्य यादीतलाच बॉल हवा असा स्थानिक नियम असेल तर ते चालत नाहीत.

अलकापुरीकर
दोघांचेही आभार. मे महिन्यात ग्रीन कडक होतात, तेव्हा आयोनोमर अजूनच पळेल ना? आणि पावसाळ्यात?

दांडियाबाजार
पळेलच. म्हणून झेंड्यावर मारू नका, ग्रीनच्या तोंडाशी टाका आणि पळू द्या. मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) असेल तर ५६ अंशांची वेज घ्या. स्पिनऐवजी उंचीने थांबवायचा. पावसाळ्यात उलटं : ओल्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) बॉल पळतच नाही, हवेतून जाईल तेवढीच लांबी, म्हणून नेहमीपेक्षा एक नंबर लांब जाणारा क्लब घ्या. रंग पिवळा घ्या, वाढलेल्या रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) लवकर सापडतो. मॅट फिनिश नको, गवताचे डाग पडतात आणि ओला झाला की वेजवरून आणखी निसटतो. उन्हाळ्यात डबा गाडीच्या डिकीत ठेवू नका, घरात सावलीला राहू द्या.