मदत हवी आहे : चालू सर्व्हरला जोडलेली मेमरी परत काढता येत नाही

रबाळेकर :
महिनाअखेरच्या हिशेबांसाठी महापे येथील कार्यालयातल्या एका सर्व्हरला, तो चालू असतानाच, ८ जीबी मेमरी जोडली होती. काम आटोपले आहे आणि ती मेमरी आता दुसरीकडे हवी आहे; परंतु काढायला गेले की लिनक्स 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' एवढेच सांगते. निम्म्याहून अधिक मेमरी रिकामी असताना हे का व्हावे? सोमवारपूर्वी उपाय हवा आहे.

पारसिककर :
पत्रिका न दाखवता भविष्य विचारल्यासारखे झाले. सर्व्हर प्रत्यक्ष आहे की आभासी? मूळ मेमरी किती? जोडलेल्या मेमरीचे ब्लॉक (ठरावीक आकाराचे तुकडे) कोणत्या झोनमध्ये, म्हणजे लिनक्सने वापरानुसार पाडलेल्या मेमरीच्या कोणत्या विभागात, ऑनलाइन झाले?

घोडबंदरकर :
ठाणे स्टेशनजवळच्या दुकानदाराने माझ्या लॅपटॉपच्या रॅमचे पिवळे टोक खोडरबराने पुसून दिले आणि अडचण कायमची मिटली. आधी ते करून पाहावे.

रबाळेकर :
आभासीच आहे, अर्थात; केव्हीएमवर (लिनक्सच्या आभासी यंत्रप्रणालीवर) चालतो. पुसायला टोकच नाही. मूळ मेमरी १६ जीबी असून वाढीव मेमरी पीसी-डीआयएमएम (आभासी मेमरी-पट्टी) म्हणून जोडली. झोनचे काय ते कळले नाही. जोडल्यावर मेमरी आपोआप दिसू लागली.

पारसिककर :
आपोआप दिसू लागली, याचा अर्थ ऑटो-ऑनलाइन, म्हणजे जोडताच मेमरी आपोआप वापरात घेणे, चालू आहे. 'सिस-डिव्हाइसेस-सिस्टिम-मेमरी' या फोल्डरमध्ये प्रत्येक ब्लॉकची 'व्हॅलिड-झोन्स' नावाची फाइल असते, ती वाचून सांगा.

रबाळेकर :
सगळीकडे 'नॉर्मल' आहे.

पारसिककर :
मग अडचण तिथेच आहे. मेमरी जोडणे दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात कर्नल (लिनक्सचा गाभा) त्या भौतिक पत्त्यांना आपल्या थेट नकाशात जागा देते आणि ४ केबीच्या प्रत्येक पानासाठी (मेमरी वाटपाच्या एककासाठी) ६४ बाइटची नोंद तयार करते. तुमच्या ८ जीबीसाठी या नोंदींनीच १२८ एमबी घेतले, आणि तेही सहसा जुन्या मेमरीतून. दुसऱ्या टप्प्यात ब्लॉक ऑनलाइन होतो, म्हणजे त्यातील पाने वाटपासाठी खुली होतात. काढताना हेच उलट क्रमाने करायचे असते, आणि त्याआधी वापरातले प्रत्येक पान हलवावे लागते. प्रोग्रामचे पान हलवणे सोपे असते, कारण मजकूर दुसरीकडे नेऊन पेज टेबलमधली (आभासी पत्ता कोणत्या भौतिक पत्त्यावर आहे ते सांगणाऱ्या तक्त्यातली) नोंद बदलली की प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. कर्नलची स्वतःची पाने मात्र थेट नकाशातून वापरली जातात. तिथे आभासी पत्ता म्हणजे भौतिक पत्ता अधिक एक ठरावीक अंतर, त्यामुळे पान हलले की त्याच्याकडे बोट दाखवणारे सगळे पॉइंटर चुकतात. 'नॉर्मल' झोनमध्ये अशी पाने कुठेही पडू शकतात. तुमच्या ८ जीबीत १२८ एमबीचे ६४ ब्लॉक असणार. त्यातला एक जरी अडला तरी संपूर्ण डीआयएमएम जागचा हलत नाही. किती मेमरी रिकामी आहे याने इथे काहीच ठरत नाही.

वाशीवाला :
म्हणूनच मी डीआयएमएमच्या वाटेला जात नाही. लिनक्स ५.८ पासून आभासी सर्व्हरसाठी व्हर्टिओ-मेम हे मेमरी-उपकरण आहे. त्यात मेमरी लहान तुकड्यांत घेता-देता येते आणि एक तुकडा अडला तरी बाकीचे परत मिळतात.

पारसिककर :
सूचना चांगली आहे, पण पुढच्या वेळेसाठी. आज जोडलेला डीआयएमएम त्याने निघणार नाही.

खारेगावची :
डेंट्री आणि आयनोड (कर्नलने जवळ ठेवलेली फाइलींची नावे व माहिती) यांची कॅशे रिकामी करून एकेक ब्लॉक ऑफलाइन करून पाहावा. आणि यापुढे सर्व काही 'ऑनलाइन-मूव्हेबल', म्हणजे फक्त हलवता येणाऱ्या पानांच्या मूव्हेबल झोनमध्ये, ठेवावे.

पारसिककर :
कॅशे रिकामी करायला हरकत नाही, मात्र खात्री देता येत नाही. 'सर्व काही' मूव्हेबल हे मात्र मान्य नाही. कर्नलच्या वस्तू आणि प्रोग्रामची पेज टेबलेसुद्धा मूव्हेबल झोनमध्ये बसत नाहीत. तो झोन उरलेल्या मेमरीच्या तिप्पट-चौपटीपलीकडे वाढवला, तर भरपूर मेमरी रिकामी दिसत असतानाही कर्नलला जागा मिळत नाही. इथे १६ ला ८ आहे, तेव्हा चिंता नाही.

रबाळेकर :
कॅशे रिकामी केली. बहुतेक ब्लॉक ऑफलाइन झाले, काही हटून बसले आहेत. जे गेले तेवढे तरी होस्टला, म्हणजे हा सर्व्हर ज्या प्रत्यक्ष यंत्रावर चालतो त्याला, मिळाले ना?

पारसिककर :
नाही. डीआयएमएम पूर्ण निघेपर्यंत होस्टला काही परत जात नाही. उलट सर्व्हरची मेमरी तेवढी कमी झाली. ते ब्लॉक पुन्हा ऑनलाइन करा.

वाशीवाला :
मग बलून (सर्व्हरच्या आत मेमरी अडवून ती होस्टला देणारा ड्रायव्हर) फुगवा. त्याला सलग ब्लॉक लागत नाहीत. सुटी रिकामी पाने तो होस्टला देतो. सर्व्हरला एखादे कार्ड थेट जोडलेले नाही ना?

रबाळेकर :
नेटवर्क कार्ड जोडलेले आहे. त्याचा मेमरीशी काय संबंध?

वाशीवाला :
थेट जोडलेले कार्ड भौतिक पत्त्यांवर स्वतःच लिहिते, म्हणून होस्ट त्या सर्व्हरची सगळी मेमरी जागच्या जागी खिळवून ठेवतो. बलून फुगेल, पण होस्टला काहीच मिळणार नाही.

पारसिककर :
तेव्हा सर्व्हर पूर्ण बंद करून त्याच्या मांडणीतून डीआयएमएम काढावा लागेल. पुढच्या महिनाअखेरीस मेमरी जोडण्यापूर्वी 'ऑटो-ऑनलाइन-ब्लॉक्स' या फाइलमध्ये 'ऑनलाइन-मूव्हेबल' लिहा. जोडल्यानंतर लिहून उपयोग नाही.